म्हातारीच्या पोटातलं पाणी

"हापस! हापस! थांबू नकोस!" भिंग ओरडला.

"हापसतेच आहे! हात तुटायची वेळ आली, पण पाणी हलेल तर शपथ!" टकळी पंपाचा दांडा जोरजोरात वर-खाली करत म्हणाली.

त्यांचा धाकटा भाऊ वाटाणा बादलीने पाणी उपसत होता. त्यातलं निम्मं समुद्रात आणि निम्मं टकळीच्या डोक्यावर पडत होतं.

शिडाची बोट कशीबशी धक्क्याला लागली. सुकाणूवर आत्या होती. बोट तिचीच, पण वयाने तिच्याहून मोठी, म्हणून घरात सगळे बोटीला 'म्हातारी' म्हणत. घरातलं मूल सातवी पास झालं, की सुट्टीत आत्या म्हातारीचं सुकाणू त्याच्या हातात देई. यंदा टकळीची पाळी होती. वर्षभर तिने दुसऱ्या कशाची एवढी वाट पाहिली नव्हती.

धक्क्यावर काका उभे होते. आत्याचे हे धाकटे भाऊ म्हणजे टापटिपीचा अर्क. चादरीला सुरकुती दिसली तर त्यांना झोप लागत नसे. पोहायला जातानासुद्धा चड्डीला इस्त्री करतील, असं टकळीचं मत होतं. मोसम सुरू व्हायच्या आधी त्यांनी हौसेने म्हातारीही आतून आवरून दिली होती.

"बघ ताई, सांगत होतो ना?" काका म्हणाले. "लाकूड कुजलंय. कुठून गळतंय ते सापडायचं नाही. उद्या सकाळी भंगारवाला येतोय, देऊन टाक. भर समुद्रात बुडालात तर काय करशील?"

"बघू," आत्या एवढंच म्हणाली आणि आधीच गुंडाळलेला दोर सोडून पुन्हा गुंडाळत बसली. टकळीला रडू फुटलं. तिने ते पाणी उपसण्याच्या गडबडीत कोणाला दिसू दिलं नाही.

तिघांनी बोट उपसून, फडक्याने पुसून कोरडी केली आणि ती जेवायला गेली. परत येऊन पाहतात तर काय! तळ तसाच कोरडा!

"ए, हे काय?" टकळीने फळी उचलून आत हात फिरवला. "थेंबसुद्धा नाही!"

"लाकूड कुजलं असतं, तर इथेही गळलं असतं," भिंग चष्मा पुसत म्हणाला. "आज दुपारी सुट्टी आहे, हे लाकडाला कसं कळणार?"

"बाहेर नेल्यावर असं वेगळं काय होतं?"

"शीड चढवतो."

"वारा भरतो."

"बोट तिरकी होते," वाटाणा म्हणाला. "मी घसरतो."

"वाटाण्या, शाबास!" टकळीने त्याच्या पाठीत अशी थाप मारली, की तो तिथेही घसरला.

त्यांनी तळाशी कोरडे कागद पसरले. डोलकाठीच्या टोकाला जाणारा दोर धक्क्यावर नेला. भिंग आणि वाटाणा दोराला लोंबकळले, तशी म्हातारी कुरकुरत उजवीकडे कलली. टकळी आत टॉर्च घेऊन पालथी पडली होती.

"अजून ओढा! अजून! आलं! आलं!"

"कुठून?"

"पंपातून! अरे, पाणी काढायच्या पंपातूनच पाणी आत येतंय!"

खरंच! तळाशी सोडलेल्या पाईपच्या तोंडातून पाणी भळाभळा बाहेर पडत होतं. दोर सैल सोडला, बोट सरळ झाली आणि धार बंद!

पंपातून निघालेला पाईप थेट बोटीच्या उजव्या अंगाला असलेल्या भोकापर्यंत गेला होता. बोट कलली, की ते भोक पाण्याखाली जायचं, आणि समुद्र बिनदिक्कत आत यायचा.

"इकडे बघा," भिंगने वर टॉर्च मारला. जुन्या लाकडावर पाईपच्या रुंदीचा एक फिकट पट्टा पार छतापर्यंत जाऊन कमानीसारखा खाली वळला होता. "आधी पाईप इतका वर चढवून मग खाली आणलेला होता. बोट कितीही कलली, तरी पाणी तेवढं वर चढलंच नसतं!"

"मग हा शहाणपणा केला कोणी?"

तिघांनी नव्या पाईपकडे पाहिलं. पट्टीने आखल्यासारखा सरळ, आणि सारख्या अंतरावर चकचकीत चिमटे मारलेले.

"काका!" तिघं एकदमच ओरडली.

सकाळी भंगारवाला धक्क्यावर येऊन फळ्या ठोकून बघू लागला. काका इस्त्रीच्या पांढऱ्या पँटमध्ये हजर होते. टकळी पुढे झाली.

"काका, आम्ही आत सगळं नीट आवरलंय. एकदा बघा ना! तुमच्यासारखं जमलंय का?"

काकांना हे टाळणं शक्यच नव्हतं. ते आत उतरले आणि उघड्या तळाशी वाकून कागदांच्या कडा जुळवू लागले.

"ओढा!" टकळीने बाहेर हळूच खूण केली. आत्याला तिने सकाळीच विश्वासात घेतलं होतं, त्यामुळे दोर ओढायला आत्याही होती. म्हातारी कलली.

"अरे, अरे! हे काय? माझे बूट! ताई, पंपातून पाणी येतंय!"

काका गुडघ्यापर्यंत भिजून वर आले. टकळीने त्यांना लाकडावरचा पट्टा दाखवला.

"तो लांबलचक पाईप मीच काढला," ते पडेल आवाजात म्हणाले. "मला वाटलं, उगाच वर चढून खाली उतरतोय. गबाळा दिसत होता. ताई, चुकलं माझं."

"तरी पंपात झडपा असतात की," भंगारवाला म्हणाला. "त्यांनी पाणी अडवायला हवं होतं."

आत्याने पंपाचे स्क्रू काढले. आतल्या रबरी झडपा कडक होऊन कडेला वळल्या होत्या. पाणी ना धड बाहेर जात होतं, ना अडत होतं. दांड्याबरोबर वर-खाली होणारा रबरी पडदाही चिरला होता. आत्याच्या डब्यात पंपाची नवी रबरं होती. तिने ती मुलांकडून बसवून घेतली. झडप उलटी बसली तर सगळं मुसळ केरात! म्हणून टकळीने तळाकडच्या तोंडातून फुंकर मारली, हवा पार गेली. दुसऱ्या बाजूने फुंकलं, गाल फुगून लाल झाले तरी हवा जाईना. "बरोबर!" भिंग म्हणाला.

काकांनी धावत जाऊन नवा पाईप आणला, चांगला लांब. तो छताला टेकवून वळवला आणि पक्का बांधला. वाटाण्याने बादलीभर पाणी तळात ओतलं. टकळीने दांडा हापसला, आणि बाहेरच्या भोकातून अशी पिचकारी उडाली, की भंगारवाल्याने टुणकन उडी मारली!

"ताई, माझी खेप फुकट गेली," तो हसून आत्याला म्हणाला. "ही बोट मोडायला मी काही घेणार नाही. लाकूड ठणठणीत आहे. पोरं हुशार आहेत तुमची!"

आत्याने तिघांना एकदमच जवळ ओढलं. "मी तर हिची आशाच सोडली होती," ती म्हणाली. "तुम्ही नसता तर आज ती गेली असती. चल गं, धर सुकाणू!"

शीड चढलं. टकळीने सुकाणू घट्ट धरलं. वारा भरला आणि म्हातारी उजवीकडे कलली. काका आत तळाशी डोकं खुपसून, ओल्या पँटनिशी गुडघ्यांवर बसले होते.

"काका, आत काय दिसतंय?" टकळीने धास्तावून विचारलं.

"कोरडं!" आतून आवाज आला. "अगदी कोरडं! बाळ, घाबरू नकोस, अजून कलव!"