संघपालची सुट्टी

संघपाल त्या रविवारी दुपारी टेकडीवर चढला तो घरी फोनवर एवढंच सांगायला, की याही आठवड्यात सुट्टी मिळाली नाही.

सीमेपलीकडच्या तेलुगू मुलखात, नार्नूरच्या पुढे सागाच्या जंगलात एका खाजगी कंपनीची ड्रिलिंगची मशीन लागली होती. जमिनीखाली कोळसा आहे का, असला तर किती खोल, हे बघायचं काम. संघपाल त्या मशीनचा ऑपरेटर. तिथं जायला धड रस्ता नव्हता, बैलगाडीची वाट होती, आणि पाण्याचा टँकर त्या वाटेनं आला तर आला. मोबाईलला रेंज नव्हती. अर्धा तास टेकडी चढून मोहाच्या झाडाखाली उभं राहिलं की दोन काड्या यायच्या, त्याही वाऱ्याच्या मर्जीनं.

त्याला कॅम्पवर सत्तेचाळीस दिवस झाले होते. जोडीचा ऑपरेटर कावीळ होऊन गावी गेला तो परतलाच नाही, आणि त्याच्या जागी दुसरा येणार, येणार म्हणता म्हणता फाल्गुन संपत आला. दिवसाचे बारा तास संघपालचा हात लिव्हरवर. तीन मीटरची नळी खाली सोडायची, तिला दुसरी जोडायची, मग तिसरी. पाणी संपलं की काम बंद. खाली दात, म्हणजे दगड कापणारं टोक, अडकला की दोनशे मीटर गेलेल्या सगळ्या नळ्या एकेक करून वर काढायच्या, दात बदलायचा, आणि तितक्याच नळ्या पुन्हा एकेक करून खाली सोडायच्या. दिवस बुडायचा आणि भोक तिथल्या तिथं. जेवायला रोज तेच वरण, तेच टमाटे. त्यात तो आवाज. मशीन बंद केली तरी घरघर कानातून जायची नाही. त्यामुळे संघपाल साधं बोलायचा तेही ओरडून, आणि घरी गेला की दीपमाला, त्याची बायको, हसून कानांवर हात ठेवायची.

फोन लागला.

"पोचले का?" दीपमालानं विचारलं.

"कुठं?"

"कुठं म्हंजे? कामावर. सकायीच तर निंगाले इथून."

संघपालला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "अवं, मी बोलून राह्यलो, संघपाल. याही टायमाले सुट्टी नाई भेटली."

"काऊन मस्करी करता?" ती हसली. "रातच्याला दोन भाकरी जास्तीच्या खाल्ल्या ना, त्याच्यानं झोप आली असन तुमाले. टॉवेल इथंच इसरले, बरं का. पुढच्या शनिवारी..."

वारा फिरला आणि आवाज तुटला. त्यानं सात वेळा फोन लावला. लागला नाही. खाली कॅम्पवर टँकर आल्याचा हॉर्न वाजला, तेव्हा त्याला उतरावंच लागलं.

उतरताना तो स्वतःला समजावत होता. ती दुसऱ्या कोणाशी बोलत असेल. फोन भलत्याच घरी लागला असेल. पण आवाज दीपमालाचाच होता, आणि हसणंही तिचंच.

कॅम्पचे इन्चार्ज उद्धवराव वयानं मोठे, चंद्रपूरकडचे. संघपालनं त्यांना सरळ विचारलं, "उद्धवराव, मी काल रात्री कॅम्पवर होतो ना?"

उद्धवरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुठं जाशीन बापा? माह्या बाजूच्या खाटीवर तर घोरून राह्यलता." मग त्यांनी हजेरीचं रजिस्टर उघडून समोर धरलं. सत्तेचाळीस दिवस, सत्तेचाळीस सह्या. "ऊन लागलं तुले. कांदा ठेव खिशात."

तो आठवडा त्यानं कसा काढला त्याचं त्यालाच माहीत. संघपालचे वडील वांकिडीला शाळामास्तर होते. भूत म्हणजे माणसाच्या डोक्यातला अंधार, असं पोरांना शिकवणारे. घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. अंगारा-धुपारा कधी उंबऱ्याच्या आत आला नव्हता. तेव्हा भुताचा विचार संघपालच्या मनात आलाच नाही. आला तो दुसराच, आणि तो भुतापेक्षा वाईट होता. कोणीतरी आपल्या घरात येऊन जेवतं, झोपतं. दीपमाला त्याचं नाव लपवायला असलं काही बोलते. असं मनात येई, आणि मग अकरा वर्षांचा संसार आठवून त्याची त्यालाच लाज वाटे.

पुढच्या रविवारी फोन मैत्रीनं उचलला. मैत्री त्याची मुलगी, पाचवीतली.

"पप्पा! तुमी बोअर चालू केला ते म्या साऱ्या पोरींले सांगतलं!"

"कोणता बोअर, बेटा?"

"आपल्या आंगणातला. काल नाई का तुमी जमिनीले कान लावून बसले, मंग हापसलं, मंग पानी आलं?"

मोहाची फुलं पायाखाली चिरडून तो आंबूस-गोड वास उठला होता. अंगणातला हातपंप दोन वर्षांपासून कोरडा ठणठणीत होता. त्यानं स्वतः मेकॅनिक आणून पाहिला होता.

"मैत्री," तो जमेल तितक्या हळू आवाजात म्हणाला, "काल जे आले होते ते... कसे दिसत होते?"

पोरगी खुदकन हसली. "तुमच्यावानी!"

"अजून?"

"अजून काय... तुमी पानी लय पेता आता. आई म्हणते मडकं पुरत नाई. आणि तुमी ओरडत नाई."

शनिवार उजाडला तेव्हा संघपालनं कोणाला काही विचारलं नाही. सुट्टी मागायची म्हणजे पुन्हा तेच ऐकायचं, दुसरा माणूस आला की जा. पहाटेचा टँकर रिकामा होऊन परत निघाला तसा तो ड्रायव्हरच्या बाजूला चढून बसला. उद्धवराव तेव्हा तंबूत दाढी करत होते. वाटेत फांद्या काचेवर घासत होत्या, आणि मागं मशीनचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. आपण तर इथं बसलोय, मग मशीन कोण चालवतंय, हे त्याच्या लक्षात आलं ते नार्नूर आल्यावर. मग त्यानं ठरवलं की तो आवाज कानातलाच असणार.

नार्नूरहून जैनूर, केरामेरीचा घाट, आसिफाबाद. तिथून दुसऱ्या बसनं वांकिडी. तीन वाजता तो आपल्या गल्लीच्या तोंडाशी उतरला. कोपऱ्यावरचे किराणावाले चंपतराव दुकानात पंख्याखाली बसले होते.

"आज लवकर?" ते सहज म्हणाले. "दरवेळी तं दिवे लागल्यावर येता शनिवारी."

संघपालनं मान हलवली आणि पुढं गेला.

अंगणात पाणी होतं. हातपंपाच्या तोंडातून अजून थेंब गळत होते आणि खाली ओली माती चकाकत होती. दीपमाला कपडे वाळत घालत होती. संघपालनं ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं. गार होतं, दात शिवशिवतील इतकं. आणि त्याला वास होता. भोक पाडताना नळीतून खाली सोडतात त्या राखाडी, बुळबुळीत गाळाचा वास. साठ दिवस तो वास त्याच्या नखांत होता, ओळखायला चूक होणं शक्य नव्हतं.

"आले? बसा, चहा टाकतो," दीपमाला म्हणाली.

"दीपमाला, मी दोन महिन्यांनी घरी येऊन राह्यलो."

"ओरडता कायले?"

"दोन महिन्यांनी! मधात एकदाबी नाई आलो. उद्धवरावले विचार. हजेरी पाहून घे."

तिच्या हातातली साडी तारेवर अर्धीच राहिली. ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या फुटलेल्या ओठांकडे, वाढलेल्या दाढीकडे, तेलकट शर्टाकडे. मग ती सावकाश ओट्यावर बसली.

"मागच्या शनिवारी दाढी केलेली होती," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "आठ दिवसांत इतकी वाढते काय?"

"कोण येऊन राह्यलं होतं?"

"तुमीच!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमीच होते. हात तुमचे. तो अंगठ्यावरचा कापल्याचा वण... जेवायले तसेच मांडी घालून. फक्त बोलणं कमी. म्या बोललो का आयकत बसत. सारं आयकत. म्या म्हटलं, जंगलात राहून माणूस शांत झाला..." ती थांबली. "मले बरं वाटून राह्यलं होतं हो."

हे शेवटचं वाक्य संघपालच्या काळजात कुठंतरी रुतलं. रागावायचं तर कोणावर, तेच त्याला कळेना.

उद्धवराव रोज पाच वाजता टेकडीवर जाऊन ऑफिसला दिवसाचे मीटर कळवायचे. संघपालनं घड्याळाकडे डोळे लावून ती वेळ येऊ दिली. पाच वाजून तीन मिनिटांनी फोन लागला.

"उद्धवराव, माफ करा, न सांगता आलो. मी संघपाल, घरून बोलून राह्यलो."

पलीकडे वारा ऐकू आला.

"कोण?"

"संघपाल."

"कोण बोलून राह्यलं?" उद्धवरावांचा आवाज कडक झाला. "संघपालचा फोन कोनापाशी आला? अरे, संघपाल तं दिवसभर मशीनवर होता. अठरा मीटर मारले आज त्यानं, असल्या दगडात! म्या तीस वर्सांत नाई पाह्यलं असं." मग ते जरा नरमले. "आत्ताच माह्या मागं टेकडीवर सुट्टी मागाले आला होता. पहिल्यांदा माह्या पायाशी बसला पोरगा. म्या म्हटलं, जा बापा, दोन महिने झाले तुले... उठला अन् निंगाला बी."

"कोणत्या वाटेनं?"

"वाट कुठं हाय इथं? हा काय..." उद्धवरावांनी वळून पाहिलं असावं, आवाज फोनपासून लांब गेला. "आत्ता तं इथंच होता," ते हळूच म्हणाले, आणि फोन बंद झाला.

मशीनपासून वांकिडीला यायचं म्हणजे टँकर, दोन बस, घाट. पाच वाजता निघालेला माणूस मध्यरात्रीआधी पोचणं शक्य नव्हतं. संघपालनं हे दीपमालाला दोनदा समजावून सांगितलं. तिनं मैत्रीला आत घेतलं, दार लोटलं, कडी घातली, आणि दिवा लावला.

सूर्य नुकताच बुडाला होता. गल्लीत पोरं अजून खेळत होती. चंपतरावांच्या दुकानातून कोणाशी तरी तेलुगूत हुज्जत घातल्याचा आवाज येत होता. मग पोरांचा आवाज हळूहळू कमी झाला. एकदम बंद नाही झाला, जणू पोरं एकेक करून बाजूला सरली. अंगणाच्या फाटकाची कडी निघाल्याचा आवाज आला. अंगणात ओल्या मातीवर पावलं वाजली. पावलं हातपंपापाशी थांबली. कोणीतरी हापसलं. एकदा, दोनदा, दहादा. पाणी ओंजळीत पडल्याचा आवाज येत होता, आणि ओंजळीतून खाली सांडल्याचा येत नव्हता.

"पप्पा आले," मैत्री म्हणाली. म्हटलं आणि तिनं शेजारी बसलेल्या बापाकडे पाहिलं, आणि तिचं तोंड रडवेलं झालं.

दारावर थाप पडली. जोरात नाही. घरच्या माणसाची थाप.

संघपालला उठायचं होतं. दार आठ पावलांवर होतं. अडकलेल्या नळ्या ओढताना साखळी तुटून कानाजवळून गेली तेव्हा तो जागचा हलला नव्हता, असा माणूस. पण त्या वेळी त्याच्या मनात एकच गोष्ट आली, की दार उघडलं आणि समोर आपणच उभे असलो, तर आत बसलेला कोण? आणि तो बसूनच राहिला.

दीपमाला उठली. तिनं पदर सारखा केला, कडी काढली आणि बाहेर जाऊन दार मागं ओढून घेतलं.

बाहेर बोलणं सुरू झालं. शब्द कळत नव्हते. एक आवाज तिचा. दुसरा खालचा, थकलेला, थांबत थांबत येणारा. संघपाल कान देऊन ऐकत होता, पण कानातली ती घरघर मधे मधे येत होती, आणि त्याला कळत नव्हतं की ती कानात आहे का दाराबाहेर. मैत्रीनं त्याचा शर्ट मुठीत धरला होता. मग तिनं तो सोडला.

बऱ्याच वेळानं पावलं फाटकाकडे गेली. गल्लीत पुन्हा पोरांचा गलका ऐकू आला. दीपमाला आत आली, कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"गेला?" संघपालनं विचारलं.

"गेले."

"काय म्हणत होता?"

दीपमालानं डोळे पुसले. "रडून राह्यले होते... म्हणे, दोन महिने झाले, घरचं तोंड नाई पाह्यलं. कोनी सुट्टी देईना. म्हणे, आज भेटली तं धावत आलो... अन् खिडकीतून पाह्यलं..." तिनं खिडकीकडे पाहिलं. "म्हणे, माह्या घरात कोण बसलं हाय? माह्या पोरीच्या बाजूले कोण बसलं हाय, दीपमाला?"

दिव्याच्या उजेडात ती त्याच्याकडे बघत होती. ओळखीच्या माणसाकडे बघतात तसं नव्हे. तपासून बघतात तसं.

"मंग?" तो शेवटी म्हणाला. "तू... तू काय म्हटलं?"

तिनं मैत्रीला जवळ ओढून घेतलं, आणि पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

"म्या म्हटलं, उद्या या."