मापात न बसणारी सायकल

धुळ्याच्या बसचा कंडक्टर ऐकेना म्हणजे ऐकेना. "साहेब, टपावर सायकल चढवायचे दिवस गेले. आता बसला शिडी तरी दिसते का? बघा ना!" असं म्हणून त्यानं डबल बेल मारली आणि मोकळा झाला. योगराज खांद्यावर सायकल घेऊन जळगाव स्टँडबाहेर उभाच राहिला. सायकल कसली, हिरव्या ऑइलपेंटात बुडवून काढलेलं भूत! पुढचं चाक जाम, हँडल बैलाच्या शिंगांसारखं वर गेलेलं, मागं जाडजूड कॅरिअर वेल्डिंगनं चिकटवलेलं. रस्त्यापलीकडं सायकलचं दुकान दिसलं, तिकडं तो वळला. दुसरंच एखादं दुकान आधी दिसलं असतं तर मला ही गोष्ट सांगायला मिळालीच नसती.

दुकान तोताराम आबांचं. पण आबांच्या कमरेनं दगा दिल्यापासून, म्हणजे गेली तीन वर्षं, पाना चालायचा तो त्यांच्या मुलीचा, कामिनीचा. तिनं बी.कॉम.ची पदवी भिंतीवर टांगली होती आणि तिच्याखालीच ती पंक्चर काढत बसायची.

"ताई, आठवडाभर ही इथं ठेवता येईल का? मी धुळ्याचा. पुढच्या शनिवारी येऊन नेतो."

"ठेवा की," म्हणत कामिनीनं सायकल उचलली. नेहमीचा जोर लावला… आणि सायकल थेट छताला टांगलेल्या टायरांत जाऊन अडकली!

"अगंबाई! हिला वजनच नाही!"

"तेच तर!" त्याचे डोळे चमकले. "यावलला मावशीकडं गेलो होतो. शेजारचे उखर्डू नाना हिच्यावर केळीचे घड वाहायचे. मी सहज उचलून बघितली आणि… राहवलं नाही, मागूनच घेतली. केळीच्या टेम्पोतून इथवर आणली. मला सांगा ना, ही आहे कोण?"

कोण! कामिनीनं चमकून वर बघितलं. सायकल 'कितीची' विचारणारे रोज येतात, 'कधी होईल' विचारणारे तर डोकं खातात. सायकलीला 'कोण' म्हणणारा हा पहिलाच. तिनं पुन्हा नीट पाहिलं, आधी सायकलीकडं. दांड्यांवर केळीच्या चिकाचे काळे डाग, पण जोडांवर, रंगाखाली, कुणीतरी कानशीनं जीव ओतून कोरलेली बारीक टोकं. मग तिनं त्याच्याकडं पाहिलं. सहा फूट तरी असेल. आणि सायकल? हातभर लहान.

आता आबांच्या दुकानाचा एक नेम होता. गिऱ्हाइकाला दांड्यावर टांग टाकून उभं करायचं, माप बघायचं, आणि मापात नसेल तर तोंडावर सांगायचं. मग सायकल विकली जावो न जावो.

"एक गोष्ट सांगू का?" कामिनी म्हणाली.

"दोन सांगा!"

तो असा काही हसला की तिच्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं. "हँडल… हँडल उलटं लावलंय," ती म्हणाली. "रेसची सायकल आहे ही. नानांना वाकायला नको म्हणून फिरवलंय."

झालं. तिथंच चूक झाली. मापाचं पुढच्या शनिवारी सांगू, असं तिनं स्वतःला बजावलं. पण पुढच्या शनिवारी तो भिंग घेऊन आला. धुळ्यात जमीन मोजणीच्या कामावर होता ना, मोजायची खोडच. नाना दर दसऱ्याला सायकलीवर एक हात रंग मारायचे. कामिनी ब्लेडनं हळूच खरवडायची आणि तो एकेक थर मोजायचा.

"अकरा… बारा… हा निळा! ह्या दसऱ्याला नानांना हिरवा मिळाला नसेल."

"किंवा नानीला निळा आवडला असेल."

"नानांनी ऐकलं म्हणता?"

"एका वर्षी तरी ऐकलंच ना!"

सतराव्या थराखाली फिकट आभाळी रंग निघाला. त्यावर नाव नव्हतं, पुढच्या नळीवर बिल्ल्याची दोन भोकं तेवढी होती. दोघांची डोकी एकाच वेळी त्या भोकांवर वाकली आणि एकमेकांवर आपटली. "लागलं का?" दोघंही एकदमच म्हणाले. त्या दिवशी जाताना तो "येतो, कामिनी…" एवढंच म्हणाला. 'ताई' कुठं गेलं? कामिनी बराच वेळ तेच शोधत बसली. सापडलं नाही, आणि खरं सांगायचं तर हवंही नव्हतं.

पण मापाचं ओझं मनावर होतंच. हा माणूस दर शनिवारी नव्वद किलोमीटर येतो, तेवढंच परत जातो, कशासाठी? त्याला कधीच चालवता येणार नाही अशा सायकलीसाठी. सांगितलं की तो यायचा थांबणार. आणि नाही सांगितलं तर… तर आपण फसवतोय त्याला. दर शनिवारी ती ठरवायची आणि दर शनिवारी चहा मागवायची.

जानेवारीत काम अडलं. पायडलच्या मधल्या एक्सलचा उजवा कप, म्हणजे आट्यांनी आवळून बसवलेली बेअरिंगची वाटी, निघेना. ह्या कपाचे आटे उलटे असतात, हे तर कामिनीला अक्षरओळखीच्या आधी शिकवलेलं. तिनं उलटं फिरवलं. तेल सोडलं, गरम केलं, पान्याला पाइप लावून त्यावर लोंबकळली. तीन दिवस! कप हलला तर नाहीच, वर जास्तच आवळला. शनिवारी योगराजही पाइपला लटकला. "उलटंच ना?" त्यानं विचारलं.

"जन्मभर हेच करतेय मी!" ती करवादली.

कोपऱ्यातल्या बाजेवरून आबा म्हणाले, "पोरी, आपल्या सायकली बठ्ठ्या एक शेतस. पन हाई आपली शे का?"

कामिनीचा हात थांबला. खरंच की! आपल्या सगळ्या सायकली सारख्या, पण ही आपली नाहीच, मग आटे आपल्यासारखे कशाला असतील? तिनं पाना काढला, उलट बाजूनं लावला, साध्या बाटलीचं झाकण उघडावं तसा फिरवला. कट्! कप सुटला. तीन दिवस कामिनी बापडी कप सोडवत नव्हती, आवळत होती.

"व्हर्निअर द्या," योगराज कुजबुजला. त्यानं कप मोजला. "छत्तीस मिलिमीटर."

"पस्तीस भरला असता तर फ्रान्सची म्हटली असती." कामिनी म्हणाली. "छत्तीस, आणि दोन्हीकडं सुलटे आटे… इटलीची आहे ही!"

तो नाचायचाच बाकी राहिला होता. तिथूनच उखर्डू नानांना फोन लावला. नाना म्हणाले, "हा मंग! एक गोरा आला व्हता सायकलीवर. काविळीनं पडला, महिनाभर आपल्याच ओट्यावर. त्याले मुगाची खिचडी खाऊ घातली. जाताना सायकल देऊन गेला. नाव? आम्ही त्याले पाव्हना म्हनायचो!"

फोन ठेवला तरी दोघं हसतच होते. ग्रीसनं माखलेला तिचा हात त्याच्या हातात कधी गेला, कोण जाणे. तिनं काढून घेतला नाही. तो हात धुवायला गेला तेव्हा मात्र तिला रडूच आलं. इतका आनंद, आणि त्याच्या बुडाशी आपलं खोटं.

मार्चच्या पहिल्या शनिवारी सायकल तयार झाली. आभाळी रंग, कॅरिअर काढलेलं, हँडल पुन्हा खाली वळवलेलं. सकाळच्या उन्हात ती अशी उभी होती की येणारे-जाणारे थबकायचे. योगराज आला, सायकलीभोवती एकदा फिरला. मग त्यानं सीटवर हात ठेवला.

"थांबा." कामिनीनं हँडल धरलं. "ही सायकल… तुमच्या मापाची नाही. सीट कितीही वर घ्या, गुडघे हँडलला लागणार. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आबांच्या दुकानात असं कधी झालं नाही, मी केलं. सांगितलं असतं तर तुम्ही परत आला नसतात. आणि मला… मला तुम्ही यायला हवे होतात." एवढं बोलून तिनं मान खाली घातली.

बाजेची कुरकुर ऐकू आली, आबा कूस बदलत होते.

"यावलला मी हिच्यावर बसून बघितलं होतं," तो हळूच म्हणाला. "गुडघे हनुवटीला लागले. नाना पोट धरून हसले."

कामिनीनं झटकन वर पाहिलं. "म्हणजे… तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"पहिल्या दिवशी नुसतं एवढंच कळून घ्यायचं होतं, ही कोण. मग स्टँडवरच्या रसवाल्यानं सांगितलं, तोताराम आबांच्या दुकानातून माप सांगितल्याशिवाय सायकल बाहेर पडत नाही. झालं, माझा जीव टांगणीला! दर शनिवारी वाटायचं, आज ही सांगणार आणि आपलं येणं संपणार. तुम्ही नाही सांगितलंत की… धुळ्यापर्यंत उभ्यानं जातानाही पाय दुखायचे नाहीत."

"लबाड!" ती म्हणाली. डोळे भरले होते आणि हसूही आवरत नव्हतं. "आबा, ऐकलंत?"

"मी काय आंधया शे का?" आबा कूस न बदलता म्हणाले. "तीन महिना व्हयनात, सगळं दखी ऱ्हायनू."

योगराजनं सायकल तिच्याकडं सरकवली. तिनं दांड्यावरून टांग टाकली. माप तंतोतंत. दोघांनीही ते बघितलं.

"आता तुमचं इथं काही काम राहिलं नाही," कामिनी म्हणाली. "तरी पुढच्या शनिवारी याल?"

"उद्या येतो."

"उद्या रविवार. दुकान बंद असतं."

"म्हणून तर," योगराज म्हणाला.