तातेरावांचा खडा

नवीन जालन्यात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. सत्त्याऐंशीचा चैत्र असावा. बदनापूरचा भुजंग आला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, एक रेडिओ बिघडवून द्यायचाय."

त्याचे वडील तातेराव रेल्वेत सिग्नलच्या कामावर होते. तरुणपणी त्यांनी खड्याचा रेडिओ बनवला होता. त्याला ना सेल लागत, ना वीज. एक काळा चमकता खडा आणि त्यावर टेकवायची बारीक तार. ती नेमक्या जागी टेकली की हेडफोनात स्टेशन बोलायचं. तातेराव पौषात वारले. तेव्हापासून भुजंगची आई केशरबाई तो हेडफोन कानाला लावून बसायच्या. मालक बोलावतेत, एवढंच सांगायच्या. आठ दिवसांपासून जेवणही सुटलं होतं.

दुपारच्या पॅसेंजरनं आम्ही गेलो. खोलीत खिडकी लावलेली, कोंदट कापराचा वास. मोतीबिंदूनं केशरबाईंचे दोन्ही डोळे गेले होते. रेडिओ साफ करायला माणूस आणलाय, असं भुजंगनं सांगितलं. त्यांनी डबा पुढं सरकवला, हेडफोन मात्र सोडला नाही.

मी चिमट्यानं खडा अलगद उचलला आणि शर्टाच्या खिशात टाकला. जरासुद्धा आवाज होऊ दिला नाही. खड्याशिवाय तो रेडिओ म्हणजे नुसता लाकडी डबा.

केशरबाईंनी हेडफोन कानाला लावला. बराच वेळ ऐकत राहिल्या. मग चेहरा निवळला.

"आता साफ येऊन राह्यलं..."

भुजंग माझ्याकडं बघायला लागला.

"मालक म्हणतेत... खडा राहू द्या त्यांच्या खिशात. आता न्हाई लागत."

भुजंगनं माझ्या पिशवीतली पक्कड घेतली आणि हेडफोनची तार तोडली. संध्याकाळी केशरबाईंनी दूध-भाकरीचे चार घास खाल्ले, तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो.

तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

तेरावं झाल्यावर भुजंग दुकानात आला. तुटक्या तारेचा तो हेडफोन टेबलावर ठेवला, घरात ठेवता येत न्हाई म्हणाला आणि चहालाही न थांबता गेला. समोर रस्त्यावर ऑटोंची वर्दळ होती. तरी मला ऐकू आलं. भिंतीपलीकडं दोन माणसं हलक्या आवाजात बोलावीत, तसं. त्यातला एक आवाज बाईचा होता.

मी हेडफोन उचलून कानाला लावला.

दोघंही बोलायचे थांबले.