आगीच्या दिवशीचा आकडा

"माझी मुलगी उगाच खोकते, असं म्हणतात ते," शिवणकाम करणारी बाई खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली.

अक्कांनी चष्मा पुसला. खासगी तपास हा त्यांचा धंदा. लोकांची लबाडी शोधता शोधता केस पांढरे झाले होते. शेजारी धाकट्या बहिणीचा नवरा, भाऊजी. माणूस देवासारखा, पण डोकं जरा सावकाश चालणारं.

"कोण म्हणतं?"

"प्रदूषण खातं. वस्तीला लागून लोखंडाची ओतशाळा आहे. धूर, नुसता धूर. तक्रार केली, तर म्हणे संगणकाच्या मॉडेलनं हवा चांगली सांगितलीय, आणि शाळेच्या गच्चीवरचं यंत्रही तेच सांगतं. परवा तक्रार निकालात काढणार. डॉक्टर म्हणतात, अशा हवेत आणखी एक हिवाळा पोरीच्या फुप्फुसांना झेपायचा नाही."

"मग घर बदला की," भाऊजी म्हणाले.

"विकायला काढलंय. गिऱ्हाईक येतं, खोकतं आणि जातं."

भाऊजींनी जीभ चावली.

शाळेच्या गच्चीवर यंत्रवाला कौतुकानं माहिती देत होता. "ही नळी पंपानं हवा ओढते, धूळ आतल्या पट्टीवर बसते, त्यावरून आकडा निघतो."

पेटी घूं-घूं करत होती. "मस्त चाललंय," भाऊजी म्हणाले.

"तो आतला पंखा. पेटी तापू नये म्हणून," यंत्रवाला म्हणाला.

अक्का टाचा उंचावून नळीच्या तोंडाशी पाहत होत्या. तिथं कोळ्याचं जुनं जाळं ताणलेलं होतं, वाळक्या माश्यांसकट. मग त्यांनी शेजारच्या काळ्या भिंतींकडे बोट केलं.

"टायरचं गोदाम होतं," यंत्रवाला म्हणाला. " गेल्या हिवाळ्यात जळलं. बापरे, काय धूर! डोळे उघडवत नव्हते, शाळा सोडून दिली."

"त्या दिवशीचा यंत्राचा आकडा?"

त्यानं फोनवर पाहिलं. "बेचाळीस. म्हणजे चांगली हवा."

"एखादा आकडा राहून गेला तर?"

"छे! रकाना रिकामा दिसला की वरून शिव्या बसतात. म्हणून ऑफिसच्या संगणकात सोय आहे, तो आपला आपण भरून घेतो."

मॉडेल चालवणाऱ्या बाई ऑफिसात भेटल्या. हुशार, पण घाईत.

"दोन वर्षं ताडून पाहतेय. मॉडेल आणि यंत्र, तसूभर फरक नाही!"

"आगीच्या दिवशी मॉडेल काय म्हणालं?"

"बेचाळीस."

"आग त्याला कळते?"

"कशी कळणार? वारा, थंडी, आणि कारखान्यांनी स्वतः लिहून दिलेला धूर, एवढंच त्याला ठाऊक. म्हणून तर यंत्रावर पडताळायचं."

जिन्यात भाऊजी कुजबुजले, "यंत्रवाल्याचे हात कुणीतरी ओले केलेत, पैज लावा."

"जाळं पाहिलंत?"

"पाहिलं की. झाडलोट नाही."

"धन्य आहे तुमची, भाऊजी!"

सुनावणीला प्रदूषण खात्याचे साहेब, मॉडेलवाल्या बाई, यंत्रवाला आणि मुलीची आई, सगळे हजर होते. अक्का उभ्या राहिल्या.

"मॉडेलला आग कळत नाही, तेव्हा त्याचा बेचाळीस समजू शकते. पण यंत्र त्या धुरात उभं होतं. त्याचाही बेचाळीसच? म्हणजे तो आकडा यंत्राचा नव्हेच. नळी हवा ओढत असती, तर तिच्या तोंडावर कोळ्यानं संसार थाटला असता का? पंप केव्हाच बंद पडलाय. घुमतोय तो पंखा. रकाने रिकामे राहू लागले आणि ऑफिसचा संगणक ते भरू लागला. बाई, कुठल्या आकड्यांनी भरतो तो?"

बाईंनी समोरचा संगणक उघडला. आगीच्या दिवशीचा रकाना काढला. "माझ्याच मॉडेलच्या," त्या म्हणाल्या. त्या रडायच्या बेतात होत्या. "मी माझे आकडे माझ्याच आकड्यांशी ताडत होते."

"अहो रूपम्, अहो ध्वनी," अक्का म्हणाल्या. "आणि मुळात तो धूर ओतशाळेनंच लिहून दिलेला."

"आकडे येत होते हो," यंत्रवाला पुटपुटला. "मग पंपाकडे कशाला बघतोय मी?"

भाऊजींनी मांडीवर थाप मारली. "चोर सापडला नाही, पण चोरी सापडली! आता ओतशाळेला कुलूप!"

"कशाच्या जोरावर?" साहेब शांतपणे म्हणाले. माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत होती. "हवा चांगली होती याचा पुरावा गेला, मान्य. वाईट होती याचा कुठाय? पंप दुरुस्त करू. दोन हिवाळे मोजू. तोवर कारखाना बंद करायचा अधिकार मला नाही."

अक्कांनी आईकडे पाहिलं. इतक्या वर्षांत अशिलासमोर मान खाली घालायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

"खोटा आकडा मी पुसला, बाई. खरा कुठून आणू? तो कुणी घेतलाच नाही."

"घेतलाय ना," आई म्हणाली. "माझ्या पोरीनं घेतलाय. रोजचा रोज, सगळा आत आहे तिच्या. पण तो उघडून यांना दाखवायचा, तर आधी पोर..."

साहेबांनी पंपाच्या दुरुस्तीच्या कागदावर सही केली, आणि दारातल्या शिपायानं पुढच्या तक्रारदाराला हाक मारली.