सेल्जुकच्या चिठ्ठ्या आणि मिठाची कॉफी

तुर्कस्तानातल्या कोन्या शहरात, एका संग्रहालयाच्या दारात तो बर्फावरून घसरला आणि त्याच्या हातातल्या शंभरेक चिठ्ठ्या थेट एल्वानच्या पायाशी येऊन पडल्या. जुन्या निळ्या फरशांचे तुकडे जोडणं हे तिचं रोजचं काम. पडलेलं गोळा करायची हातांना सवयच होती. उचलता उचलता तिने वाचलं... सेल्जुक, सल्जूक, सेल्चुक, साल्चुक...

"एकच नाव इतक्यांदा? कुणाच्या प्रेमात पडलायस एवढा?"

"हजार वर्षांपूर्वी गेला बिचारा!" तो कोट झटकत म्हणाला. "अरबांनी एक लिहिलं, इराण्यांनी दुसरं, युरोपवाल्यांनी तिसरंच. इथल्या जुन्या सुलतानांच्या घराण्याचं हे नाव मुळात काय होतं नि कुठून आलं, ते शोधतोय. मी सेंजेर."

"अगबाई, म्हणजे त्याच घराण्यातल्या सुलतानाचं नाव! आणि सुलतान दारातच आडवे?"

तो हसला... आणि एल्वानची दुपार त्या हसण्यात गेली ती गेलीच.

मग रोज दुपारी चहा. नावाचा अर्थ 'छोटा लोंढा' असं सेंजेरचं मत. एल्वान हसायला लागली की तो म्हणायचा, "आला बघ, छोटा लोंढा." ती लटकं रागवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हसायची. पण 'ते' काही तो बोलेना, आणि आपण होऊन बोलायला ही काय वेडी होती?

वसंतात बुडापेस्टहून एनिको आली, त्याच नावावर संशोधन करणारी. तुर्की चुरुचुरु बोलणारी, तांबूस केसांची, हुशार. तिच्या मते नावाचा अर्थ 'छोटा तराफा'.

"लोंढा असला की तराफा लागतोच ना, सेंजेर?" ती डोळे मिचकावत म्हणाली आणि दोघं खदाखदा हसली.

एल्वानच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हणे तराफा! बुडव म्हणावं तो तराफा!

त्यात एनिकोने त्याला दोन वर्षं बुडापेस्टला कामाला बोलावलं. उत्तर शुक्रवारी हवं होतं.

शुक्रवारी दुपारी कॉफी करायला एल्वानच उठली. एनिकोला बिनसाखरेची, सेंजेरला बेताच्या साखरेची. मागच्याच महिन्यात तिच्या ताईने, मागणी घालायला आलेल्या मुलाला, रीतीप्रमाणे मीठ घातलेली कॉफी दिली होती. गड्याने तोंड वाकडं न करता संपवली आणि लग्न ठरलं. पण आज एल्वानला रीतीशी काय देणंघेणं? तिला फक्त एनिकोचं वाकडं तोंड बघायचं होतं. बिनसाखरेच्या कपात तिने दोन चमचे मीठ घातलं... मग आणखी अर्धा.

तबक ठेवलं मात्र, एनिको सेंजेरला म्हणाली, "अय्या, तुझ्या कपावर फेस जास्त आहे! मला दे ना, गोड तर गोड." आणि कप बदललेसुद्धा!

आता काय सांगणार? 'थांब, त्यात मीठ आहे' म्हणणार कुठल्या तोंडाने?

सेंजेरने घोट घेतला. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्याने एल्वानकडे पाहिलं, मग एनिकोच्या कपाकडे, मग पुन्हा एल्वानकडे... आणि एकेक घोट करत तळाच्या गाळापर्यंत कप रिकामा केला.

"कशी झालीय?" एनिकोने विचारलं.

"फक्कड," तो खोकत म्हणाला. "एनिको, बुडापेस्टला नाही जमायचं गं. आमच्या घरी लग्न निघतंय."

एनिकोने एकदा त्याच्याकडे, एकदा लालबुंद एल्वानकडे पाहिलं. मग गालातल्या गालात हसत ती चिठ्ठ्यांचा गठ्ठा उचलून बाहेर गेली.

"कुणाचं लग्न?" एल्वानने विचारलं.

"तुझ्या बाबांना विचारून सांगतो. रविवारी आईला घेऊन येतोय, फुलं, चॉकलेट सगळं घेऊन."

"अरे, पण... ते मीठ तुझ्यासाठी नव्हतं!"

"कळलं की. मीठ तिच्यासाठी होतं," तो हळूच म्हणाला, "पण जळत होतीस ती माझ्यासाठीच ना? सहा महिने तेवढंच कळत नव्हतं गं मला. म्हणून तोंड उघडत नव्हतो."

एल्वानने त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. तो घेताना त्याने तिची बोटंही धरली, आणि तिने ती सोडवून घेतली नाहीत.

"रविवारी किती घालू?" तिने खाली बघत विचारलं.

"रीतीपुरतं... एकच चमचा. जगलो तर लग्न करीन म्हणतो."