कुंडीतली रानकोरांटी

शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका कोरड्या नाल्यात मी आणि एक अनोळखी गृहस्थ एकाच झुडपाची फांदी धरून उभे होतो. साल १९८७, महिना डिसेंबर.

"सोडा. आधी मी पाहिलंय," मी म्हणाले.

"आपल्या शास्त्रात नुसत्या पाहण्याला मान नाही, मॅडम. आधी जो छापतो, त्याचं नाव चालतं."

"मग छापेपर्यंत तरी फांदी सोडा..."

तो हसला. लीलाधर चौधरी धुळ्याच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत होता. मी जळगावात तेच शिकवत होते. फांदी आम्ही वाटून घेतली. झुडूप रानकोरांटीसारखं, पण पानं केसाळ. रानकोरांटीची गुळगुळीत असतात. जात नवी असण्याची शक्यता होती. पुढे दर रविवारी तो जळगावला येऊ लागला. नमुना तपासायला एवढे रविवार लागत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मार्चमध्ये एकदा भिंगावरून डोळा न काढताच तो म्हणाला, "जातीला नाव तुमचं देतोय. मंदाकिनी. पुढच्या सोमवारी लेख पाठवतो."

"आधी विचारायची पद्धत असते."

"विचारलं की तुम्ही पुरावा मागता..."

मी खिडकीबाहेर पाहिलं. गाल गरम झाले होते.

पुरावा मात्र माझ्याच गच्चीवर वाढत होता. त्याच झुडपाचं बी मी कुंडीत पेरून रोज पाणी घातलं होतं. त्या आठवड्यात रोपाची पानं भिंगाखाली धरली — गुळगुळीत! केस कोरड्या नाल्यामुळे आले होते. जात जुनीच होती. छापलेलं नाव मागे घेता येत नाही. चूक ठरलं, तरी लेखकाच्या नावासह ते कायमचं राहतं. आणि हा त्याचा पहिलाच लेख. सांगितलं, तर त्याने देऊ केलेली एकमेव भेट मीच नाकारणार होते.

त्याच्या रविवारच्या फेरीची वाट न पाहता शनिवारीच कुंडी मांडीवर घेऊन मी धुळ्याच्या बसमध्ये बसले.

"ताई, हाई काय शे? औसद शे का?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"पुरावा आहे, अक्का."

"मंग नीट धर. बठ्ठी माती सांडी राहिनी."

प्रयोगशाळेत त्याने पान उन्हाकडे धरलं, उलटलं, पुन्हा धरलं.

"गेलं म्हणायचं तुमचं नाव," तो अखेर म्हणाला.

"गेलं."

"गप्प बसला असतात, तर कुणाला कळलं नसतं."

"मला कळलं होतं."

"मंदा..." 'मॅडम' प्रथमच गळालं. "पाणी, ऊन, जागा बदलली तरी जो गुण टिकतो, तोच खरा. बरोबर?"

"बरोबर."

"मग माझ्यातला एक गुण जळगावात टिकतो, धुळ्यात टिकतो, तुम्ही माझा लेख बुडवल्यावरही टिकलाय. तुमच्याशी लग्न करायचंय मला. अजून पुरावा हवा?"

"नको," मी म्हणाले. "माझ्या वडिलांना, नानांना मात्र लागेल. ते वकील आहेत."

"आत्ताच निघू. पाचची बस मिळेल."

त्याने प्रयोगशाळेला कुलूप लावलं. मी कुंडी त्याच्या हातात दिली आणि पुढे चालू लागले.