शेवट नसलेला नाच

राहुरीजवळच्या बेलापूरची सुकन्या अकराव्या वर्षी बॅले शिकायला मुंबईला गेली, तेव्हा शुगर फॅक्टरीत फिटर असलेल्या तिच्या वडिलांना तो शब्दही नीट म्हणता येत नव्हता. पुढे वीस वर्षं ती पायाच्या बोटांच्या टोकांवर देशोदेशी नाचली. मग तालमीत घोटा मोडला. हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या तिने एक नाच मनातच बसवला. कुणाला दाखवला नाही, कुठे लिहिला नाही. त्याचा शेवट तेवढा तिला सुचेना.

दोन वर्षांनी राहुरीत कांद्याचं रिकामं गोदाम भाड्याने घेऊन तिने क्लास काढला. झाडलोटीला रतनबाई होत्या. सत्तरीच्या, जन्मभर कांदा निवडलेल्या.

एका दुपारी सुकन्या लवकर आली. झाडू भिंतीला टेकवलेला. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या तिरिपी पडलेल्या, आणि लुगडं खोचून रतनबाई अनवाणी बोटांवर उभ्या. नाचत होत्या. तोच नाच! मान कुठे वळवायची, श्वास कुठे धरायचा, सगळं तेच.

भीती वाटायला हवी होती. वाटलं ते नवल. कारण सुकन्या जिथे अडली होती, तिथे रतनबाई अडल्या नाहीत. पुढे गेल्या.

"मावशी, कुणी शिकवलं हे?"

रतनबाईंनी दचकून टाचा टेकल्या. "रागावू नका ताई. ती म्हातारी रोज दुपारी येती, तिनं. मला वाटलं तुमची आई. तोंडवळा तुमच्यावानीच हाय."

सुकन्याची आई पंचविशीतच गेली होती.

"पुढचं दाखवा," सुकन्या म्हणाली.

रतनबाई दाखवत गेल्या, सुकन्या मागोमाग करत गेली. घोटा एकदाही कुरकुरला नाही. एका वळणावर रतनबाई थांबल्या.

"शेवट?"

"त्यो दावला न्हाई तिनं. म्हनली, येकदाच करायचा असतो. मी केला, तवापासनं हितंच हाय, आसंबी म्हनली."

सुकन्या हसली. हात खाली घ्यायला गेली.

ते खाली आले नाहीत.

उजवा हात सावकाश वर चढला, मान मागे वळली. किती सोपं! आपल्याला हे कसं सुचलं नाही?

दारात चपला वाजल्या. क्लासच्या पोरी आत आल्या, त्यांनी गोदामभर नजर फिरवली.

"रतनमावशी," त्यांतली एक म्हणाली, "टीचर अजून आल्या नाहीत?"